परवाना दिवसाचा, रस्ता रात्रीचा

माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


मी डोळ्यांची डॉक्टर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण असे की वाहनांचे परवाने आणि एसटी ही दोन्ही कामे आपल्या खात्याकडे आहेत, आणि मला जे मांडायचे आहे ते या दोन्हींच्या मधोमध अडकलेले आहे. दिवे नसलेल्या रस्त्याने रात्री पायी जाणारा माणूस आणि त्याच रस्त्यावर गाडी चालवणारा साठी-सत्तरीतला माणूस, हे दोघेही माझ्याकडे तपासायला येतात. कित्येकदा बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांपैकी कोणालाही आरोपी ठरवावे असे मला वाटत नाही. ज्या अंधारात या दोघांची गाठ पडते त्या अंधाराला कोणीतरी वाली हवा, आणि तो सरकारच असू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

परवान्यासाठी स्वतःच्या प्रकृतीची माहिती स्वतःच भरून द्यायचा एक कागद असतो, नमुना १. तो आपण एकदा निवांत वाचावा. त्यात विचारले आहे, दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का? रातांधळेपणा आहे का? या शेवटच्या प्रश्नापुढे जवळजवळ सगळे 'नाही' लिहितात, आणि खरेच लिहितात. रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने येतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ चालकांना तो नसतोच. त्यांना जे असते त्याबद्दल त्या कागदावर प्रश्नच नाही.

चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-अ. तो कुठे आणि किती मिनिटांत मिळतो हे आपल्यालाही ठाऊक असणार, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. पण समजा डॉक्टरने अगदी मन लावून तपासले, तरी तो काय करणार? भिंतीवरचा तक्ता वाचून घेणार. हर्मन स्नेलन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली केलेला हा तक्ता आजही आम्हा सगळ्यांच्या खोलीत आहे, आणि चष्म्याचा नंबर काढायला तो उत्तमच आहे. पांढऱ्या पाटीवर काळीभोर अक्षरे, आणि पाटीवर भरपूर उजेड. रात्री साडेसातला राज्य मार्गावर असे काही समोर येत नाही. तिथे करड्या डांबरावर करडी साडी असते, काळ्या झाडीपुढे काळे घोंगडे असते. आमच्या तक्त्यावर ६/९ वाचणारा माणूस ते घोंगडे पाहू शकेल की नाही, हे तो तक्ता सांगत नाही. ते सांगणारा तक्ता वेगळा आहे. पेली आणि रॉबसन यांनी १९८८ मध्ये तयार केलेला. त्यात अक्षरे सगळी एकाच आकाराची असतात, पण ओळीगणिक फिकट होत जातात, शेवटी जेमतेम उमटतात. भिंतीवर टांगायचा साधा तक्ता आहे तो, यंत्र नाही. तपासायला पाच मिनिटे पुरतात. वाहनाच्या परवान्यासाठी तो आपल्याकडे कोणी मागत नाही.

साठीनंतरच्या डोळ्यात काय होते ते थोडे सविस्तर सांगते, कारण धोरण ठरवणाऱ्यांना ते माहीत असायला हवे. बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पुरती उघडत नाही. आतले भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. या दोन्हींमुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणजे वडील आणि मुलगा एकाच गाडीत, एकाच काचेतून बाहेर बघत असले तरी वडिलांच्या वाट्याला येणारी रात्र कितीतरी काळी असते. त्यात समोरून अप्पर लावून गाडी आली, की तो प्रखर प्रकाश गढूळ भिंगात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर दुधाळ पडदा येतो. गाडी निघून गेली तरी पडदा लगेच हटत नाही. डोळा सावरायला लागणारा वेळ वयाबरोबर वाढत जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळा सावरायला चार सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी ६५ मीटरहून पुढे गेलेली असते.

"मग तुम्ही काय करता?" असे मी विचारते. उत्तर ठरलेले असते. "समोरून लाईट आला की मी डावीकडे साइडपट्टीच्या कडेला नजर ठेवतो आणि तिच्या अंदाजाने गाडी काढतो." डोळे दिपल्यावर याहून शहाणपणाचे काही करता येत नाही, ड्रायव्हिंग शिकवणारेही हेच शिकवतात. पण पायी चालणारा माणूस नेमका त्याच कडेने चालत असतो. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. चालक बरोबर वागतो, चालणाराही त्याच्या परीने बरोबर वागतो, आणि तरी दोघे एकाच हातभर पट्टीवर येतात.

आणखी एक गोष्ट चालकाला कळत नाही, आणि न कळण्यात त्याचा दोष नाही. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ती नीट मांडली. आपल्याला दोन तऱ्हेने दिसते. एका तऱ्हेने आपण रस्ता, वळण, कडा यांचा अंदाज घेत पुढे जातो. दुसरीने वस्तू ओळखतो. उजेड कमी झाला की दुसरी शक्ती पार ढासळते, पहिली मात्र जवळजवळ तशीच राहते. त्यामुळे रात्री गाडी हाकताना माणसाला वाटते, मला व्यवस्थित दिसते आहे, गाडी कशी सरळ चालली आहे! ती सरळ चालतेही. फक्त वाटेत माणूस आहे हे कळत नाही. दिवसाइतक्याच वेगाने लोक रात्री गाडी चालवतात त्यामागे बेदरकारपणापेक्षा हा खोटा भरवसा अधिक आहे. 'वाहने सावकाश चालवा' असा फलक लावून तो जात नाही.

आता थोडा हिशेब. डिपरवरच्या दिव्यांचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ५० मीटरपर्यंत जातो, आणि गडद कपड्यातला माणूस त्याच्याही अलीकडे आल्यावरच ओळखू येतो. ताशी ६० च्या वेगात तरुण, सावध चालकाला दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद लागला, तर गाडी २५ मीटर जाते. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. म्हणजे तरुणाचेही निभेलच असे नाही. सत्तरीतल्या चालकाला अडीच सेकंद लागले तर ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर संपतात. माणूस ४० मीटरवर दिसला असेल, तर धडक बसते त्या क्षणी वेग अजून ६० च असतो. पावसाळ्यातला ओला रस्ता मी या हिशेबात धरलेलाच नाही.

हे चालणारे लोक कोण? शहरात पादचारी म्हटले की फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग आणि सिग्नल डोळ्यांपुढे येतो. माझ्या तालुक्यातला पादचारी फाट्यावर उतरतो. शेवटची एसटी त्याला हमरस्त्यावर सोडते आणि गाव आत दोन-तीन किलोमीटरवर असते. कृषिपंपाला वीज रात्री मिळण्याची पाळी असेल त्या आठवड्यात शेतकरी मध्यरात्री मोटार चालू करायला रस्त्याच्या कडेने निघतो, हातात बॅटरी, अंगावर घोंगडे. पहाटे बायका दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडे जातात. डिसेंबरात सहा वाजता अंधार पडतो, त्या वेळी जादा तासाला थांबलेल्या नववी-दहावीच्या मुली दप्तरे पाठीला लावून परतत असतात. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर रात्रभर उसाच्या बैलगाड्या, आणि त्यांच्या मागेपुढे चालणारी ऊसतोड कुटुंबे. गाडीच्या मागच्या बाजूला उसाची टोके लोंबत असतात, रेडियमची पट्टी असलीच तर त्या पाचटाखाली झाकलेली असते. शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या महामार्गाच्या कडेने येतात. आणि वारकरी तर आमच्या भागात वर्षातून अनेकदा रस्त्यावर असतात, आषाढीच्या बंदोबस्तात आणि त्याशिवायही.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ आपल्याला आठवत असेल. कार्तिकीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनी इथे मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. त्या अपघाताचा चालकाच्या वयाशी मी काहीही संबंध जोडत नाही. मला वेळ दाखवायची आहे. दिवस नुकताच मावळला होता. केंद्र सरकारचे रस्ते अपघातांचे वार्षिक अहवाल उघडले तर दरवर्षी हेच दिसते की संध्याकाळी ६ ते ९ या तीन तासांत सर्वाधिक अपघात होतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाच मृतांमागे साधारण एक, ज्याच्याकडे कसलेही वाहन नव्हते. त्या वर्षी आपल्या राज्यातल्या एकूण मृत्यूंची संख्या १५ हजारांच्या वर होती.

चालणाऱ्यांचाही एक गैरसमज आहे, आणि तो जगभर सारखाच आढळला आहे. आपल्याला गाडीचे दिवे लांबून दिसतात, म्हणून गाडीवाल्यालाही आपण दिसत असणार असे चालणाऱ्याला वाटते. उजेड अंगावर पडला की माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात चालकाला तो कितीतरी नंतर, कितीतरी जवळून दिसतो. यावर उपाय स्वस्त आहे आणि तो अर्धशतकापूर्वीच सापडला आहे. स्वीडनचे गुन्नर योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की पूर्ण अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले, तरी त्या ठिपक्यांच्या हालचालीवरून पाहणारा क्षणात ओळखतो, हा माणूस चालतो आहे. पुढे ऑस्ट्रेलियात जोआन वूड आणि अमेरिकेत रिचर्ड टायरेल यांनी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गाड्यांतून हे तपासले. परावर्तक पट्टी छातीवर लावण्यापेक्षा घोटा, गुडघा, मनगट अशा हलणाऱ्या जागी लावली, तर चालकाला माणूस खूप आधी ओळखू येतो, आणि ज्येष्ठ चालकालाही त्याचा फायदा होतो. छातीवरचा पट्टा अंधारात मैलाच्या दगडासारखा दिसतो. हलणारा घोटा माणसाचाच असतो.

फिनलंडमध्ये हिवाळ्यात दिवस काही तासांचाच. तिथे आर्वी लेहती या माणसाने कोटाला लटकवायचे छोटे परावर्तक बनवले आणि ते देशभर पसरले. आज तिथल्या कायद्यानुसार अंधारात चालणाऱ्याने परावर्तक वापरणे अपेक्षित आहे. आपल्याकडे पादचाऱ्यावर असे बंधन घालावे असे मी मुळीच म्हणणार नाही. दंडाची पावती फाडायला तो सर्वांत सोपा माणूस ठरेल. पण घोट्याला बांधायची रेडियमची पट्टी राज्याने फुकट का देऊ नये? शाळेच्या गणवेशाबरोबर, दूध संघाच्या किटलीबरोबर, कारखान्याच्या उचलीबरोबर, दिंडीच्या नोंदणीबरोबर. वारकऱ्यांचा पांढरा वेश काळ्या कपड्यांपेक्षा बरा, पण पांढरे कापड आणि परावर्तक पट्टी यांत रात्री जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पालखी मार्गाचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये आळंदी आणि देहू ते पंढरपूर या महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे ठरले. रस्ता आखतानाच 'इथून माणसे चालतात' हे गृहीत धरले गेले. राज्यातल्या प्रत्येक रस्त्यावर असे करता येणार नाही, हे मला समजते. प्रत्येक रस्ता उजळवताही येणार नाही. पण फाटे मोजता येतात. शाळा, डेअरी, दवाखाना, एसटीचा थांबा, कारखान्याचे गेट, एवढ्या जागा प्रत्येक तालुक्यात ठाऊक आहेत. आज खेड्यात दिवा कुठे लागतो तर देवळासमोर आणि चावडीपुढे. हायमास्टचा खांब तिथे उभा राहतो, तो राहो. फाटा मात्र काळोखात असतो, कारण फाटा ना धड गावाचा, ना धड बांधकाम खात्याचा. २०२१ मध्ये थकबाकीमुळे अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, तेव्हा बिल कोणी भरायचे यावर किती वाद झाला हे आपण पाहिले. दिवा लावण्याचा निधी एका खिशातून आणि बिल दुसऱ्या खिशातून, ही व्यवस्था चालणारी नाही.

दिवा कुठे लावायचा यालाही शास्त्र आहे. ओलांडायच्या जागेच्या बरोबर डोक्यावर किंवा पलीकडे खांब असला, तर येणाऱ्या गाडीला माणसाची फक्त काळी आकृती दिसते, पुष्कळदा तीही नाही. खांब येणाऱ्या गाडीच्या बाजूने थोडा अलीकडे असावा, म्हणजे उजेड चालणाऱ्याच्या अंगावर पडतो. एवढ्याने वाचणारा जीव खर्चात एक पैसाही वाढवत नाही.

आता ज्येष्ठ चालकांकडे येते. यांच्याबद्दल हल्ली जे बोलले जाते ते मला पटत नाही. 'म्हाताऱ्यांनी घरी बसावे' हे सोपे वाक्य आहे. माझ्या अनुभवात ही माणसे दारू पिऊन गाडी चालवत नाहीत, शर्यत लावत नाहीत, दिसेनासे झाले की बहुतेक जण आपणहून रात्रीचे जाणे टाळू लागतात. पण टाळता येत नाही अशी वेळ असते. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ आहेत, सत्तरी ओलांडलेले. पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. केंद्र ४० किलोमीटरवर. दुपारची पाळी मिळाली की परत यायला रात्र होते. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. डायलिसिस झालेल्या बाईला घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे, की आपली जुनी गाडी काढायची? त्यांच्या जागी मी असते तरी गाडीच काढली असती. अशा माणसाचा परवाना काढून घेतला तर अपघात एक टळेलही, पण दुसरा जीव घरात जाईल.

जपानने हा प्रश्न आपल्या आधी पाहिला. १९९८ पासून तिथे परवाना स्वेच्छेने परत करता येतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. देश हादरला, आणि त्या एका वर्षात सहा लाखांवर लोकांनी परवाने परत केले. ७५ नंतर नूतनीकरणाच्या वेळी आकलनशक्तीची चाचणी तिथे आहेच. पण माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेले. परवाना परत करणाऱ्याला अनेक ठिकाणी बसच्या आणि टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. चावी खाली ठेवणाऱ्याच्या हातात दुसरे काहीतरी ठेवले जाते.

आपल्याकडे ते देण्याची अर्धी तयारी आधीच झाली आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धे तिकीट. २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट. या योजनांचे मी मनापासून स्वागत केले होते आणि आजही करते. माझ्या कित्येक रुग्ण बायका त्या जोरावर एकट्या दवाखान्यात येऊ लागल्या. पण संध्याकाळी सहानंतर तालुक्याहून गावाकडे जाणारी गाडीच नसेल तर मोफत तिकिटाचे काय करायचे? ज्या मार्गांवर ग्रामीण रुग्णालये आणि डायलिसिस केंद्रे आहेत त्या मार्गांवर रात्री आठ-साडेआठची एक गाडी, आणि ती फाट्यावर न थांबता गावात जाणारी. परवान्याची कोणतीही कडक चाचणी याच्या आधी आणली तर ती अन्यायाची होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि चाचणी आणायला हवीच. परवान्याची मुदत आणि नमुने दिल्लीत ठरतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहे, हे सगळे मला माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्याचे कलम १६ परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आजही सांगते की एखादा परवानाधारक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवायला योग्य नाही असे मानायला वाजवी कारण असेल, तर त्याच्याकडून वैद्यकीय दाखला मागता येतो. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. साठीनंतरच्या नूतनीकरणासाठी तिथे मोफत तपासणी ठेवा. फिकट अक्षरांचा तक्ता, दिपल्यावर डोळा सावरायला लागणारा वेळ, बाजूचे किती दिसते, एवढ्या तीन गोष्टी बघा. कमी दिसणाऱ्याला नापास करून घरी पाठवू नका. पुष्कळांना दोष मोतीबिंदूचा असतो, आणि तो काढता येतो. अलाबामा विद्यापीठातल्या सिंथिया औस्ली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांचे अपघाताचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे निम्मे निघाले. आपल्याकडे अजूनही 'पिकू दे, मग काढू' असे म्हणत वर्षे घालवली जातात. आजच्या शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकायची गरज नाही. रात्री गाडी चालवणाऱ्याने तर थांबूच नये.

ज्यांचा दोष दुरुस्त होण्यासारखा नाही त्यांच्यासाठी 'फक्त दिवसा' अशी अट घातलेला परवाना असावा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो आहे. ही शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. असा परवाना मिळाला तर माझे अर्धे ज्येष्ठ रुग्ण तो आनंदाने घेतील. सकाळी बाजार, दुपारी बँक, नातवाला शाळेतून आणणे, हे त्यांचे जगणे त्यात राहते. आज त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत, सगळे किंवा काहीच नाही. त्यामुळे ते सगळेच धरून ठेवतात.

समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या दिव्यांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे, तरी दोन ओळी लिहितेच. दुकानातून आणून बसवलेले पांढरेफेक एलईडी बल्ब मूळ दिव्याच्या खोबणीत नीट बसत नाहीत, त्यांचा झोत वर जातो, आणि त्याची किंमत समोरचा साठीतला डोळा मोजतो. आपल्या वायुवेग पथकांनी रात्री अर्धा तास फक्त हे तपासावे.

चालणाऱ्यांसाठी नियम करणे मात्र आपल्या हातात आहे. कलम १३८ (१अ) नुसार पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहने, म्हणजे आमच्या उसाच्या बैलगाड्यासुद्धा, यांच्याबद्दल नियम राज्याने करायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना ते सहा महिन्यांत करायला सांगितले. त्या नियमांत शहरातल्या फुटपाथबरोबर खेड्यातला फाटाही असू द्या. फाट्यावरच्या दिव्याचे बिल कोणी भरायचे, साइडपट्टी किती रुंद आणि बुजवलेली हवी, बैलगाडीच्या मागे, उसाच्या टोकांखाली न झाकली जाणारी पट्टी कोणी लावायची, हे त्यात नाव घेऊन लिहा. कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचनेतल्या कसुरीसाठी ठेकेदार आणि अधिकारी यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते कलम कागदावर राहू नये.

माझी विनंती लांबलचक नाही. एक जिल्हा निवडा, ऊसपट्ट्यातला. तिथे यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक फाट्यावर एक दिवा, प्रत्येक बैलगाडीला आणि चालणाऱ्याच्या घोट्याला पट्टी, उपजिल्हा रुग्णालयात साठीपुढच्या चालकांची रात्रीच्या दृष्टीची तपासणी, आणि तालुक्याहून रात्री साडेआठची गावात जाणारी एसटी, एवढे करून दाखवा. तपासणीसाठी माझ्यासारखे खासगी नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एक दुपार विनामूल्य देतील, माझी दुपार मी आजच देते. आदेश आपल्या सहीने निघायचा आहे, तो दिवाळीपूर्वी काढावा.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक नेत्रतज्ज्ञ